माळ्यावर सापडलेली ‘बर्मा-शेल’ची इनॅमलची पाटी : काळ कसा ठरवावा?

वाईकर_नातू

नमस्कार मंडळी. वाईच्या आमच्या जुन्या घराचे छप्पर उतरवताना माळ्यावर दोन फुटके प्रभाकर कंदील आणि रॉकेलचे चेपलेले डबे निघाले व त्यांच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली पेट्रोलविक्रीची एक इनॅमलची पाटी सापडली. पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्याने जाणाऱ्या सर्व्हिस मोटारींना आमचे पणजोबा पेट्रोल आणि वंगण विकत असत, एवढेच घरात सांगितले जाते. कागदपत्र एकही उरलेले नाही. वडिलांच्या मते पाटी ‘इंग्रजांच्या वेळची’ आहे, तर आत्याच्या मते ती एस.टी. सुरू झाल्यानंतरची असावी.

पाटी आडवी असून ती दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. दोन्ही बाजूंना सारखाच मजकूर आहे आणि डावीकडची दोन इंचांची कड काटकोनात वळवून तिला चार भोके पाडलेली आहेत. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल शिंपला आहे. त्याच्या खाली गडद निळ्या अक्षरांत ‘मोटार स्पिरिट’ आणि त्याखाली ‘येथें मिळेल’ असे देवनागरीत लिहिले आहे. तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत बर्मा-शेल कंपनीचे लांबलचक नाव आणि ती इंग्लंडात नोंदलेली असल्याचा उल्लेख आहे. उजव्या कोपऱ्यात पाटी बनवणाऱ्याचे नाव असावे, परंतु तिथला टवका उडाल्यामुळे लंडनची शेवटची दोन अक्षरे आणि त्यापुढे ‘एन. १३’ एवढेच वाचता येते.

ओळखीच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने ती पाहून सांगितले की, ॲसिडने गंज काढून दिल्यास दुप्पट भाव मिळेल. पाटी विकायची नाही. परंतु ती खरी आहे का आणि साधारण कोणत्या वर्षांतली आहे, हे कळावे अशी इच्छा आहे.

पाटीपुराण

सर्वप्रथम विनंती अशी की, ॲसिड, पॉलिश कागद, तारेचा ब्रश यांपैकी काहीही त्या पाटीला लावू नका. इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेली काच असते. ॲसिडने तिची चकाकी कायमची मरते, आणि गंजाबरोबर पाटीच्या वयाचा पुरावाही धुऊन जातो. तुमच्या व्यापाऱ्याला भाव कळत असेल, पाट्या कळत नाहीत.

आता काळाकडे वळू. पाटीवर वर्ष छापलेले नसते तेव्हा एकच वर्ष शोधण्याचा हट्ट सोडावा आणि ‘याच्या आधीची नाही’ व ‘याच्या नंतरची नाही’ अशा दोन कडा शोधाव्यात. बर्मा ऑइल आणि शेल गटाची एशियाटिक पेट्रोलियम यांनी भारतातील विक्रीसाठी एकत्र येऊन बर्मा-शेल ऑइल स्टोरेज अँड डिस्ट्रिब्यूटिंग कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली ती १९२८ साली. त्यामुळे हे जोडनाव असलेली कोणतीही पाटी त्याआधीची असूच शकत नाही. दुसऱ्या टोकाला, जानेवारी १९७६ मध्ये सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली, काही काळ ‘भारत रिफायनरीज’ हे नाव चालले आणि १ ऑगस्ट १९७७ पासून ती भारत पेट्रोलियम झाली. म्हणजे वडील आणि आत्या या दोघांचीही मते सामावतील एवढा, जवळजवळ अर्ध्या शतकाचा पट्टा सध्या आपल्या हाती आहे.

इतर वाचकांनाही उपयोग होईल म्हणून बाकीच्या कंपन्यांच्या कडा इथेच लिहून ठेवतो, कारण आपल्याकडच्या पाट्यांचा निम्मा इतिहास कंपन्यांच्या नामांतरातच दडलेला आहे. स्टॅनव्हॅक, म्हणजे स्टँडर्ड-व्हॅक्यूम ऑइल कंपनी, १९३३ साली निर्माण झाली आणि १९६२ मध्ये मोडली. तिच्या मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील तेलशुद्धीकरण कारखान्याला त्याच वर्षी एस्सोचे नाव मिळाले. भारतातील एस्सोचा कारभार १९७४ साली हिंदुस्थान पेट्रोलियमकडे गेला, म्हणून आपल्या रस्त्यांवर ‘एस्सो’ ही अक्षरे जेमतेम बारा वर्षे नांदली. कॅलटेक्स हे नाव कॅलिफोर्निया आणि टेक्सास यांच्या जोडणीतून १९३६ साली आले. भारतातील तिचा व्यवसाय सरकारने १९७६ च्या अखेरीस घेतला आणि तो पुढे हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. ‘इंडियन ऑइल कंपनी’ १९५९ ची आणि ‘इंडियन ऑइल कॉर्पोरेशन’ सप्टेंबर १९६४ नंतरची, हा एका शब्दाचा फरकही पाहण्यासारखा आहे. वंगणाच्या पाट्यांत ‘वेकफिल्ड कॅस्ट्रॉल’ असे दोन शब्द असतील तर ती पाटी सहसा १९६० च्या आधीची धरावी, कारण त्या वर्षी कंपनीने वेकफिल्ड हे संस्थापकाचे नाव गाळून नुसते कॅस्ट्रॉल हे नाव घेतले.

तुमच्या पाटीतले ‘एन. १३’ ही खूण मोठी गोड आहे, पण दुर्दैवाने निरुपयोगी आहे. लंडनच्या टपाल विभागांना असे आकडे १९१७ मध्ये मिळाले, म्हणून केवळ ‘एन.’ असते तर विचार करावा लागला असता. परंतु १९२८ ही ‘याच्या आधीची नाही’ अशी कड कंपनीच्या नावाने आधीच दिलेली असल्यामुळे १९१७ ने आपले काही वाढत नाही. मात्र या आकड्यावरून कारखान्याचा सुगावा लागतो. एन. १३ म्हणजे उत्तर लंडनमधील पामर्स ग्रीन, आणि तिथल्या ब्रूटन या कारखान्याचे नाव त्या काळातील कित्येक ब्रिटिश पेट्रोल-पाट्यांच्या कोपऱ्यात आढळते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लोखंडी पत्रा युद्धसामग्रीकडे वळला, ब्रिटनमधील जाहिरात-पाट्यांचे उत्पादन जवळजवळ थांबले, आणि युद्धानंतर तो धंदा पूर्वीच्या जोमाने पुन्हा उभा राहिला नाही. हे सगळे जमेस धरता, पाटी इंग्लंडात घडलेली असल्यास १९२८ ते १९३९ हा काळ मला सर्वांत संभवनीय वाटतो.

शिंपल्यावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. शेलच्या बोधचिन्हांचा जो तक्ता सर्वत्र फिरतो, त्यात १९३० चा शिंपला बिनरंगी आणि १९४८ चा लाल-पिवळा दाखवलेला असतो. तो पाहून ‘रंग आहे, म्हणजे १९४८ नंतरची’ असे अनेक जण ठरवून टाकतात. हा तक्ता कंपनीच्या अधिकृत चिन्हाचा आहे, पाट्यांचा नव्हे. रंगीत शिंपल्याच्या इनॅमल-पाट्या त्याच्या कितीतरी आधीपासून होत होत्या. रेमंड लोवी यांनी १९७१ साली आखलेला, मोजक्या सरळ रेघांचा आजचा शिंपला असता तर गोष्ट वेगळी होती.

फसलेला_संग्राहक

पाटीपुराण यांनी काळाबद्दल लिहिले आहे. पण पाटी खरी आहे का, हे आधी पाहायला नको का? मी स्वतः या बाबतीत हात पोळून घेतलेला माणूस आहे. काही वर्षांपूर्वी एका शहरातील जुन्या वस्तूंच्या दुकानातून मोबिलगॅसची, लाल रंगाच्या पंखवाल्या घोड्याची पाटी मी बरीच रक्कम मोजून घेतली. घरी आणून भिंगाखाली धरली तेव्हा लक्षात आले की, टवके सगळे कडेला आणि भोकांभोवती होते आणि घोड्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. खरा दगड लागतो किंवा खरा खिळा ठोकला जातो, तेव्हा तो चित्र वाचवून लागत नाही.

माझी पद्धत आता अशी आहे. डोळे मिटून नखाची कड अक्षरावरून पार्श्वभूमीकडे हळूच सरकवावी. जुन्या पाटीत एकेका रंगाची भुकटी स्टेन्सिलमधून बसवून प्रत्येक रंगासाठी पाटी पुन्हा भट्टीत घालत, त्यामुळे रंगांचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक चढलेले असतात आणि त्या पायरीला नख अडते. नंतर जाळीच्या छपाईने केलेल्या पाट्यांत ही पायरी अगदी उथळ होते, तर नुसत्या रंगवलेल्या किंवा छापील पत्र्यावर ती नसतेच. मग टवक्याच्या कडेकडे पाहावे. खऱ्या इनॅमलचा टवका काचेसारखा शिंपल्याच्या आकारात फुटतो आणि त्याच्या उतारावर वरचा रंग, त्याखालचा पांढरा किंवा इतर थर आणि तळाचा काळपट निळा अस्तराचा थर असे पदर दिसतात. मधला गंज गडद तपकिरी, जवळजवळ काळा आणि घट्ट असतो. आठवडाभर मिठाच्या पाण्यात ठेवून आणलेला गंज नारिंगी असतो आणि तो बोटाला लागतो.

भोकेही बोलतात. खऱ्या पाटीत भोके इनॅमल चढवण्याआधी पाडलेली असल्यामुळे मुलामा भोकाच्या आतल्या कडेपर्यंत वळलेला असतो, आणि स्क्रू आवळताना वॉशरखाली तो चिरडून गोल टवका निघतो. भोक नंतर ड्रिलने पाडले असेल तर आत नागडा पत्रा दिसतो. अर्थात पूर्वीच्या मालकाने सोयीसाठी नवे भोक पाडलेले असू शकते, तेव्हा एकाच खुणेवर फाशी देऊ नये.

आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. अमेरिकन संग्राहक ज्या नकली इनॅमल-पाट्यांच्या नावाने बोटे मोडतात, त्यांतल्या पुष्कळ आपल्याच देशात बनतात. कारागिरी उत्तम असते; लबाडी असते ती वय सांगण्यात.

वाईकर_नातू

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ॲसिडचा विचार सोडला आहे.

आज सकाळी उजेडात पाटी नीट पाहिली. वजन सुमारे सव्वातीन किलो भरले आणि लोहचुंबक लगेच चिकटले. निळ्या अक्षराला नख स्पष्ट अडते. शिंपल्याच्या लाल रेघांनाही अडते, मात्र थोडे कमी. मोठा टवका बरोबर ‘स्पिरिट’मधल्या ‘रि’वर आहे, म्हणजे फसलेला_संग्राहक यांच्या कसोटीला ती उतरली म्हणायची. वळवलेल्या कडेच्या दोन भोकांत इनॅमल आतपर्यंत गेलेले आहे आणि उरलेली दोन कोणीतरी नंतर ठोकून पाडलेली दिसतात, कारण तिथे पत्रा मागे फाटून उमलला आहे.

दोन शंका आहेत. ती कड वळवलेली का आहे? आणि पेट्रोल न म्हणता ‘मोटार स्पिरिट’ का म्हटले असावे? शिवाय एक गंमत सांगतो. त्याच टवक्याखाली उरलेला ‘रि’ पाहिला, तर त्याची वेलांटी शेजारच्या अक्षरापासून तुटून मध्येच तरंगत आहे, आणि ‘मोटार’मधल्या ‘ट’ची शिरोरेघ पुढच्या कान्याला टेकतच नाही.

पाटीपुराण

कड वळवली होती ती पाटी भिंतीतून काटकोनात बाहेर काढण्यासाठी. भिंतीला चिकटलेली पाटी समोर उभ्या माणसालाच दिसते. मोटारवाल्याला मात्र येता-जाता दोन्ही दिशांनी ती लांबून दिसली पाहिजे, म्हणूनच मजकूर दोन्ही बाजूंना आहे. म्हणजे तुमच्या पणजोबांचे दुकान रस्त्याला लागून असावे आणि पाटी त्याच्या दर्शनी खांबाला किंवा भिंतीला ठोकलेली असावी. दोन्ही बाजूंचा रंग सारखाच विटलेला आहे का, हे पाहा. एक बाजू अधिक फिकी असेल तर ती दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे उन्हात होती, असा अंदाज बांधता येतो.

‘मोटार स्पिरिट’ हा सरकारदरबारचा शब्द आहे. मोटार स्पिरिटवरील कराचा कायदा आपल्याकडे १९१७ सालीच झाला होता, आणि आजही तेल कंपन्यांच्या हिशेबात पेट्रोल ‘एम. एस.’ म्हणूनच लिहिले जाते. त्यामुळे हा शब्द जुना वाटला तरी काळाचा पुरावा म्हणून तो दुबळा आहे.

तुटलेली वेलांटी मला फार आवडली. स्टेन्सिल कापणारा लंडनचा कारागीर मुंबईहून आलेला कागदावरचा नमुना चित्रासारखा गिरवत असणार; त्याला ती अक्षरे नव्हती, आकृत्या होत्या. स्टेन्सिलमध्ये अक्षराचे भाग गळून पडू नयेत म्हणून मध्ये पूल ठेवावे लागतात, आणि पूल कुठे ठेवला तर वाचणाऱ्याला खटकणार नाही, हे लिपी येत असल्याशिवाय कळत नाही. देवनागरी येणाऱ्या कारागिराने शिरोरेघ तोडली नसती. हा माझा तर्क आहे, पण पाटी परदेशात घडल्याच्या बाजूने त्याला थोडे वजन द्यायला हरकत नसावी.

अनुस्वारप्रेमी

सगळे जण पत्र्याकडे पाहत आहेत, मजकुराकडे कोणी पाहत नाही. पाटीवर ‘येथें’ आहे, ‘येथे’ नव्हे. उच्चारात नसलेला हा अनुस्वार लिहिण्याची रीत जुन्या मराठीत होती आणि १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी तो गेला. तेव्हा पाटी १९६२ च्या आधीची, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे मराठी मजकुराच्या जुन्या पाट्या आहेत त्यांनी ‘करावें’, ‘मिळतें’, ‘सर्वांत उत्तम तेंच’ अशा रूपांकडे अवश्य लक्ष द्यावे. इंग्रजी पाट्या जमवणाऱ्यांना ही सोय नाही.

पाटीपुराण

अनुस्वाराचा मुद्दा मला सुचायला हवा होता. तो मी मान्य करतो, परंतु ‘शंका घेण्याचे कारण नाही’ हे मान्य करत नाही. नियम १९६२ चे असले तरी ते पाळणारे लोक एका रात्रीत बदलले नाहीत, आणि जुन्या नमुन्यावरून पाटी पुन्हा काढून घेतली तर जुने शुद्धलेखनही तसेच पुढे येते. शिवाय पुष्कळ लेखकांनी नियमांच्या आधीच हे अनुस्वार सोडून दिले होते. तेव्हा अनुस्वार असणे ही जुनेपणाची चांगली खूण आहे, पण नसणे ही नवेपणाची खूण नाही.

याहून पक्क्या खुणा कायद्याने बदललेल्या मापांत आणि नाण्यांत मिळतात, कारण तिथे दुकानदाराच्या आवडीनिवडीला वाव नसतो. भाव आण्यांत असेल तर पाटी एप्रिल १९५७ च्या आधीची. ‘नये पैसे’ असतील तर एप्रिल १९५७ ते मे १९६४ या सात वर्षांतली. गॅलन असेल तर ती दशमान मापे रूढ होण्याआधीची, म्हणजे १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंतची. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची नाही. तुमच्या पाटीवर यांतले काहीच नाही, याचे वाईट वाटते.

ह्यूस्टनकर

टेक्सासमध्ये राहून हा छंद करत असल्यामुळे इकडची थोडी माहिती देतो. इथे या पाट्यांना ‘पोर्सेलीन’ म्हणतात. चिनी मातीशी त्यांचा काही संबंध नसून ते आपलेच इनॅमल आहे, हे समजायला मला बराच वेळ लागला होता. अमेरिकन पाट्यांचे सुख असे की, कित्येकींच्या खालच्या कडेला तारीखच असते. टेक्साकोच्या पंपावर लावायच्या १२ बाय १८ इंचांच्या पाट्यांवर ‘मेड इन यू. एस. ए.’ च्या पुढे महिना, दिवस आणि वर्ष अशा क्रमाने ३-१०-५४ सारखे आकडे येतात. तो १० मार्च असतो, ३ ऑक्टोबर नव्हे. काही पाट्यांवर कारखान्याची आद्याक्षरे आणि वर्षाचे दोन आकडे असतात, ‘आय. आर. ५८’ म्हणजे पेनसिल्व्हेनियातील इंग्रॅम-रिचर्डसनने १९५८ साली केलेली पाटी.

पण तारीख आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. नकली पाट्या करणारे तारखेसकट नक्कल करतात, आणि मग एकाच तारखेच्या, एकाच ठिकाणी टवके उडालेल्या पाट्या बाजारात दिसू लागतात. अशा वेळी मालाच्या नावावरून पडताळा घ्यावा. टेक्साकोचे फायर-चीफ पेट्रोल १९३२ चे आणि स्काय चीफ १९३८ चे. ‘स्काय चीफ, १९३४’ अशी पाटी मला एकदा अगदी गंभीर चेहऱ्याने दाखवण्यात आली होती.

तुम्ही विकणार नाही हे वाचले, तरी कोणी परदेशी संग्राहक मागे लागल्यास लक्षात ठेवा की, १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षे पूर्ण झालेल्या वस्तू येऊ शकतात आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमची पाटी १९२८ ची निघाली तर तिची शंभरी २०२८ मध्ये भरते.

वाईकर_नातू

सर्वांचे पुन्हा आभार. पाटीपुराण यांच्या सांगण्यावरून दोन्ही बाजू ताडून पाहिल्या. एका बाजूचा पिवळा रंग निश्चितच फिका आहे, आणि ती बाजू आमच्या जुन्या दुकानाच्या जागी धरून पाहिली तर नेमकी मावळतीकडे येते. आत्याला १९२८ ते १९३९ हा काळ सांगितला, तेव्हा तिला आठवले की तिने स्वतः पाटी भिंतीवर कधी पाहिलीच नव्हती. तिने पाहिला होता तो तिथे पुढे लागलेला रंगवलेला लाकडी फळा, आणि तो एस.टी.नंतरचा होता. म्हणजे आत्याची आठवण खरी होती, फक्त वस्तू दुसरी होती.

आता पाटी दिवाणखान्यात लावायची आहे. भिंतीला ओल येते, तेव्हा काय काळजी घ्यावी?

फसलेला_संग्राहक

ओल्या भिंतीला थेट लावू नका. सागवानी पट्टी मध्ये घालून पाटी भिंतीपासून इंचभर पुढे ठेवा. मूळ दोन भोकेच वापरा, ठोकलेल्या भोकांना हात लावू नका. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना रबराचे वॉशर घाला आणि स्क्रू हाताने आवळा, ड्रिल मशीनने नव्हे. इनॅमलला दाब सोसत नाही, ‘टक्’ असा आवाज आला की टवका उडालाच समजा. धूळ साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडे करा. उघड्या पत्र्यावर मशीन-तेलाचा थेंब बोटाने चोळला तरी गंज पुढे सरकायचा थांबतो. आणि ‘रि’वरचा टवका रंगाने भरून घेऊ नका, कोणी फुकट भरून दिला तरी.